रोबो व्हॅक्युमचा मॅप सारखा बिघडतोय? डिलीट करायच्या आधी मॅपच नीट बघा

झाडू मारणारा रोबो घरात आला की पहिले काही दिवस सगळे त्याच्या मागे मागे फिरतात, व्हिडिओ काढतात, ॲपमधे त्याने काढलेला घराचा मॅप पण एकदम झकास बनलेला असतो, आणि मग कधीतरी ॲप उघडावं तर बेडरूमच्या पलीकडे आणखी एक बेडरूम उगवलेली असते जी बिल्डरने कधी दिलीच नव्हती. नाहीतर अख्खं घर पंधरावीस अंशात तिरकं झालेलं, नाहीतर हॉल एकावर एक दोनदा छापल्यासारखा. मग काय, मॅप डिलीट, नवीन मॅप, थोडे दिवस बरे जातात आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

मॅप डिलीट करून हे सुटत नाही कारण बिघाड मॅपमधे नसतोच. तो एकतर घरात असतो, म्हणजे आरसा, काच, ऊन, उंबरा वगैरे, नाहीतर रोबोच्या अंगात असतो, म्हणजे लेझरवाली टोपी, चाकं, टोपीतला रबरी पट्टा. आणि कुठे आहे ते मॅप स्वतःच सांगतो, फक्त बघायला पाहिजे. म्हणून मॅप उडवायच्या आधी एवढं करा, वेगवेगळ्या दिवशीच्या तीनचार फेऱ्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि शेजारी शेजारी लावून बघा. चूक प्रत्येक वेळी घरातल्या त्याच जागी येते का? मग दोष घराचा. दर वेळी वेगळ्या जागी येते? मग रोबोचा, किंवा रोबोला कुणीतरी उचलतंय. रोबो फिरत असताना त्याच्या एकाच बाजूच्या भिंती गायब होतात, तो वळला की ते गायब होणंही वळतं? मग तर हमखास टोपीतच काहीतरी अडकलंय. बाकी सगळं ह्या तीन प्रश्नांनंतर.

आधी हे यंत्र बघतं कसं ते थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही. वर जी गोल टोपी असते तिच्यात लिडार असतो, एक लेझर आणि एक सेन्सर, दोन्ही एकत्र गरागरा फिरतात, साधारण सेकंदाला पाच वेळा. बऱ्याच घरगुती रोबोंमधे अंतर मोजायची पद्धत त्रिकोणाची असते, लेझरपासून काही सेंटिमीटर बाजूला सेन्सर, भिंतीवरचा ठिपका जवळ असेल तर सेन्सरवर एका जागी पडतो, लांब असेल तर सरकून दुसऱ्या जागी, त्या सरकण्यावरून अंतर. ह्यात एक गोम आहे, लांबच्या भिंतीसाठी ठिपका अगदी कणभर सरकतो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. दुसरी पद्धत सरळ वेळ मोजायची, प्रकाश गेला आणि परत आला. भिंत ३ मीटरवर असेल तर जाऊन येऊन ६ मीटर, म्हणजे २० नॅनोसेकंद, आणि १ सेंटिमीटरचा फरक कळायला नॅनोसेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा मोजता आला पाहिजे. हे इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त व्हायला वेळ लागला म्हणून घरात आधी त्रिकोणवाला आला. कारखान्यातले लिडार तेव्हा हजारो डॉलरचे होते, २००८ मधे काही इंजिनियर लोकांनी ३० डॉलरच्या आत बनेल असा लिडार करून दाखवला आणि त्याच घराण्यातला लिडार लावून २०१० मधे नीटो कंपनीचा एक्सव्ही-११ हा रोबो बाजारात आला. ती कंपनी २०२३ मधे बंद पडली पण तसली टोपी आज बऱ्याच रोबोंच्या डोक्यावर आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हा लिडार फक्त एकाच पातळीत बघतो, जमिनीपासून साधारण ९-१० सेंटिमीटरवर आडवी एक रेघ, बस. त्याच्या खालचं वरचं काहीच त्याला दिसत नाही. म्हणून पाट, चटई, चार्जरची वायर, जमिनीवर पडलेला मोजा हे लिडारच्या हिशोबात नाहीतच, ती कामं बंपर आणि पुढच्या सेन्सरची. दुसरं, लिडार फक्त अंतरं देतो, "मी कुठे आहे" हे नाही. ते ठरतं चाकं किती फिरली, आतल्या जायरोने किती वळण सांगितलं आणि आत्ताचं चित्र जुन्या मॅपवर कुठे नीट बसतंय, ह्या तिन्हीवरून. म्हणजे डोळे आणि पाय एकमेकांना सांभाळून घेतात. दोघांपैकी एक थोडं खोटं बोलायला लागला तर दुसरा सावरतो, एक फारच बोलला किंवा दोन्ही एकदम बोलले की घर तिरकं.

आता भूत बेडरूम. ही शंभरातल्या नव्वद वेळा आरशाच्या कपाटामागेच असते. आपल्याकडे बेडरूममधे स्लायडिंगचं कपाट आणि त्याला पार खालपर्यंत आरसा ही फॅशनच आहे. समजा खोली ३ मीटरची, रोबो आरशापासून २ मीटरवर. जरा तिरका गेलेला लेझर आरशावर आपटून परत फिरतो आणि समोरच्या भिंतीवर जातो, रोबोला ते कळत नाही, त्याच्या मते प्रकाश सरळ रेषेतच गेला, त्यामुळे त्याला भिंत दिसते ५ मीटरवर, म्हणजे आरशाच्या ३ मीटर मागे. बघा, अगदी तुमच्याच खोलीच्या मापाची खोली, पलंगाच्या पायांसकट, उलटी. तुमच्या मॅपमधली जास्तीची खोली खऱ्या खोलीची उलटी कॉपी आहे का बघा, असेल तर शोध संपला. मग रोबो तिकडे जायचा प्रयत्न करतो, कपाटावर डोकं आपटतो, बाजूला सरकतो, परत आपटतो, आणि मेसेज येतो की "ठरवलेल्या जागी पोचता येत नाही".

उपाय एकदम साधा आहे. आरशाच्या खालच्या बाजूला जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत चकाकी नसलेला कागद लावायचा. खाकी पॅकिंगचा कागद चालतो, रंगाऱ्यांकडे असते ती कागदी मास्किंग टेप तर उत्तम, कारण काढताना डाग राहत नाही. चकचकीत सेलोटेप नको, जिलेटीन नको, स्टीलच्या रंगाचा स्टिकर तर अजिबात नको. पट्टी लावून मॅप नव्याने करा, सेव्ह करा, ॲपमधे मॅप लॉक करायची सोय असेल तर लॉक करा. काही रोबो दर फेरीला मॅप आपला आपण सुधारत बसतात, तिथे पट्टी काढली की भूत परत येणार, मग एकतर पट्टी कायमची ठेवा नाहीतर आरशासमोर आभासी भिंत टाका, म्हणजे ॲपमधल्या मॅपवर ओढलेली रेघ जी रोबो ओलांडत नाही. आभासी भिंतीने भूत जात नाही, फक्त रोबो त्याच्या मागे लागत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याला तेवढंच पाहिजे असतं.

गॅलरीच्या काचेच्या दरवाजाची भानगड वेगळी. काचेवर लेझर सरळ पडला तर आरपार जातो, खूप तिरका पडला तर आरशासारखा परततो, म्हणजे एकच दरवाजा रोबोला एका जागेवरून उघडा दिसतो आणि दुसऱ्या जागेवरून भिंत. मॅपवर ह्याची खूण म्हणजे दरवाजाच्या पलीकडे पंख्यासारखे पसरलेले पांढरे पट्टे, कधीकधी गॅलरीचं रेलिंग. इथेही तीच पट्टी, किंवा बाथरूमच्या खिडकीला लावतात तसली धुरकट फिल्म १५ सेंटिमीटर रुंद कापून खाली लावली तर दिसायलाही वाईट दिसत नाही.

काळ्या फर्निचरचं उलटं. आरसा नको तिकडे प्रकाश पाठवतो, काळा मखमली सोफा परतच पाठवत नाही. परत येणारा प्रकाश किती ह्यावरच सगळा खेळ आहे. ह्याचं दुसरं टोक बघायचं तर चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवर नासाने बसवलेला एक छोटासा परावर्तक आहे, जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद, आठ क्वार्ट्झचे लोलक, आलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवणारे. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने साधारण १०० किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर मारला आणि तो परत आलेला पकडला. १०० किलोमीटरवरून पाच सेंटिमीटरची वस्तू सापडते, आणि आपल्या हॉलमधला तीन सीटर सोफा चार मीटरवरून सापडत नाही. मॅपवर सोफ्याच्या जागी भिंत तुटक दिसते किंवा भोकं पडलेली दिसतात. पण एक सांगतो, डोळ्याला काळं म्हणजे लेझरलाही काळंच असं नाही, बरेच लिडार इन्फ्रारेडवर चालतात आणि काही काळे कपडे इन्फ्रारेडमधे चांगले उजळ असतात, त्यामुळे सोफा काळा आहे म्हणून लगेच त्याच्यावर आळ घेऊ नका, आधी मॅप बघा. खरंच सोफाच असेल तर फार काही करायचं नाही, रोबो जवळ गेला की त्याला दिसतो, आणि नाहीच दिसला तर बंपर आहे.

ऊन. पश्चिमेच्या गॅलरीतून संध्याकाळी ऊन तिरकं आत येतं आणि नेमकं लिडारच्या उंचीवर सपाट पसरतं. सेन्सरपुढे फिल्टर असतो जो लेझरच्या रंगाशिवाय बाकी प्रकाश अडवतो, पण उन्हात तो रंगही भरपूर असतोच. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी असेल तर अजून भर. ह्याची खूण म्हणजे मॅप संध्याकाळच्या फेरीत बिघडतो आणि सकाळच्या फेरीत नाही, तेव्हा वेळ बदला, विषय संपला. लिडारला उजेड लागतच नाही, रात्री दिवे बंद करून सोडला तरी तो बघणार, कॅमेऱ्यावर चालणाऱ्या रोबोचं मात्र तसं नाही. पडद्यांचंही इथेच उरकतो: पंखा फुल असेल आणि पडदे जमिनीपर्यंत असतील तर भिंत हलते असं रोबोला वाटतं, मॅप करताना पडदे बांधून ठेवा.

अख्खं घर तिरकं झालं किंवा हॉल दोनदा छापला गेला तर आरशाबिरशाच्या मागे लागू नका, तिथे सहसा डोळ्यांचा दोष नसतो. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रोबो चालू असताना कुणीतरी उचलला. मावशी लादी पुसायला आल्या, मधे लुडबुडतोय म्हणून उचलून बाजूला ठेवला, किंवा पोरांनी उचलून दुसऱ्या खोलीत नेला. चाकांच्या हिशोबाने तो अजून हॉलमधे आणि डोळ्यांना दिसतंय किचन. चांगला रोबो थांबून गोल फिरून जुन्या मॅपशी जुळवून घेतो, पण दोन खोल्या सारख्या मापाच्या असतील (आणि फ्लॅटमधल्या बेडरूम असतातच) तर भलतीकडेच जुळतो. घरात सगळ्यांना एकच नियम सांगा, उचलायचा असेल तर आधी पॉज, आणि परत सुरू करायचा तो डॉकवरूनच, म्हणजे त्याच्या चार्जिंगच्या स्टँडवरून.

डॉक हलणं हे दुसरं कारण, आणि ह्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बऱ्याच रोबोंचा मॅप डॉकपासून सुरू होतो. आपली फरशी गुळगुळीत, रोबो आत शिरताना डॉकला दर वेळी थोडा ढकलतो, शिवाय केर काढताना डॉक उचलून परत ठेवला जातो तो अंदाजे. जरासा कोन बदलला तर सुरुवातीचा अंदाजच तिरका. डॉकच्या खाली दुहेरी टेप लावून टाका, भिंतीला पाठ पक्की टेकवून, आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर तरी मोकळा सोडा, चपलांचा स्टँड शेजारी नको. डॉकची जागा बदलायचीच असेल तर मग मात्र मॅप नव्याने करणं भाग आहे.

उचललं नाही, डॉकही जागेवर, तरी घर वाकडं होतंय? मग चाकं बघा. ह्याची एक टेस्ट आहे जी मला फार आवडते कारण काहीच लागत नाही. ॲपमधे रिमोटने चालवायची सोय असते, रोबोला फरशीच्या सांध्यावर नेमका उभा करा, टोपीचा मध्य सांध्यावर, आणि सरळ पुढे सोडा. दोन बाय दोनची फरशी असेल तर पाचसहा फरश्या जाऊ द्या आणि बघा सांध्यापासून किती हटला. बोटभर हटला तर ठीक, पण अर्धी फरशी हटत असेल आणि दर वेळी त्याच बाजूला, तर त्या बाजूचं चाक मागे पडतंय. रोबो उलटा करा, चाक हाताने दाबून फिरवा, दुसऱ्याशी तुलना करा. दहापैकी आठ वेळा आसाला लांब केसांचा गुंता निघतो, तो नेलकटरने कापून चिमट्याने काढा. पुढचं छोटं भोवरी चाक तर ओढलं की निघतं, त्याच्या खाचेत केसांचा अक्षरशः गोळा असतो.

ओली फरशी हेही त्यातलंच. पोछावाला रोबो असेल आणि पाणी जास्त सोडलं असेल तर चाकं जागेवर घसरतात, रोबोला वाटतं आपण पुढे गेलो. मॅप कधीही पोछ्याचं फडकं काढून, कोरड्या फरशीवर करायचा. लादी नुकती पुसली असेल तर वाळू द्या.

उंबऱ्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण ह्याचा हिशोब बघितला की हसू येतं. लिडार ९ सेंटिमीटरवर आडवा बघतोय असं म्हटलं, पण ते रोबो सपाट असेपर्यंत. रोबो फक्त १ अंश पुढे झुकला तरी ५ मीटरवर जाऊन लेझर जमिनीला टेकतो, म्हणजे रोबोला ५ मीटरवर भिंत दिसली. दोन सेंटिमीटरचा उंबरा चढताना तो सहज चारपाच अंश तिरका होतो, तेव्हा भिंत दिसते जेमतेम मीटरभरावर. पटकन ओलांडून गेला तर काही नाही, पण उंबऱ्यावर चढउतार करत, घुर्रघुर्र करत अडकून बसला की तो खोट्या भिंती काढत बसतो. मॅपवर उंबऱ्याच्या आसपास कमानीसारख्या वाकड्या रेघा दिसल्या तर हेच. जाड सतरंजीच्या कडेलाही असंच होतं. सुतारकाम करणाऱ्यांकडून उंबऱ्याला उतरती पट्टी लावून घ्या, रबराच्या तयार पट्ट्या पण मिळतात, नाहीतर सरळ नो गो झोन, म्हणजे ॲपमधे आखलेली रोबोने न जायची जागा.

लांब पॅसेज असेल, विशेषतः जुन्या वाड्यात किंवा मोठ्या घरात, आणि दोन्हीकडे नुसत्या सपाट भिंती, तर मॅपवर पॅसेज आखूड येतो किंवा लांबतो. कारण दोन समांतर भिंतींमधे रोबो मीटरभर पुढे गेला काय आणि मागे आला काय, चित्र तेच. मॅप करताना पॅसेजमधे दोनतीन ठिकाणी बादली, खोकं, स्टूल असं काहीबाही भिंतीला लावून ठेवा, समोरासमोर नको, विषम अंतरावर.

राहिली टोपी. मघाशी म्हटलं तसं रोबोच्या एकाच बाजूला आंधळेपण असेल तर टोपीच्या न फिरणाऱ्या बाहेरच्या खांबांना केस, जाळीचा धागा किंवा पॅकिंगची राहिलेली फिल्म चिकटलेली असते. पण सगळीकडूनच पल्ला कमी झाला असेल, म्हणजे लांबच्या भिंती उमटत नाहीत आणि जवळच्या ठीक, तर फिरणाऱ्या काचेवर थर बसलाय, कारण काच टोपीच्या आतल्या भागाबरोबर फिरते आणि तिच्यावरचा डाग सगळ्या दिशांना सारखाच नडतो. फोडणीच्या तेलाची वाफ आणि उदबत्तीची राख मिळून काचेवर जो चिकट थर बसतो तो फुंकरीने जात नाही. रोबो बंद करून चष्म्याचं मऊ फडकं किंचित ओलं करून पुसा, मग कोरडं. अगरबत्तीचा देव्हारा आणि डॉक एकाच कोपऱ्यात असेल तर डॉक हलवा. देवाला कशाला हलवताय.

टोपीच्या आतला फिरणारा भाग हाताने फिरवून बघा (रोबो बंद ठेवून), गुळगुळीत फिरला पाहिजे. कुरकुर आवाज, मधेच अडकणं, किंवा सुरू केल्यावर वेग कमीजास्त होण्याचा आवाज येत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय नाहीतर छोटी मोटर जायला आलीये. वेग मर्यादेबाहेर गेला की "लेझर सेन्सर एरर" येते. लेझर लागतोय का हे बघायला बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा चालतो, टीव्हीचा रिमोट बघतो तसंच, टोपीच्या फटीत जांभळट चमक दिसू शकते. नाही दिसली म्हणून लगेच लेझर गेला असं समजू नका, काही फोन इन्फ्रारेड पूर्ण अडवतात.

आणि काही तक्रारी लिडारच्या नसतातच. काळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यापाशी रोबो थबकतो, मागे फिरतो, तो खालच्या सेन्सरचा प्रकार, त्याला काळा दगड म्हणजे खड्डा वाटतो, जिन्यावरून पडू नये म्हणून दिलेली सोय ती. सोफ्याखाली टोपी अडकणं हे फर्निचरच्या उंचीचं. दिवाळीत दारातली रांगोळी रोबोने गिळली तर त्यात कुठल्याच सेन्सरचा दोष नाही, रांगोळीला उंचीच नाही, तो आपला केर समजून काम करतो, तेवढे दिवस तिथे नो गो झोन टाका.

इतकं सगळं पाहून झालं, घरातलं कारण काढून टाकलं, मगच जुना मॅप उडवून नवा करा: बॅटरी फुल, पडदे बांधलेले, खोल्यांची दारं दाराच्या अडकणीला लावून पूर्ण उघडी, खुर्च्या रोजच्या जागी, माणसं पलंगावर किंवा बाहेर, पोछा काढलेला. झाल्यावर लगेच स्क्रीनशॉट ठेवा आणि ॲपमधे बॅकअप असेल तर घ्या. त्यानंतरही चूक दर फेरीला वेगळ्या जागी येत असेल तर सर्व्हिसवाल्याकडे द्या, पण देताना "मॅप बिघडतो" एवढंच सांगू नका, ते रीसेट करून परत देतात. स्क्रीनशॉट दाखवा, सांध्यावरची टेस्ट केली ते सांगा, टोपीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या, आणि स्पष्ट विचारा की फक्त मोटर आणि पट्टा बदलून भागतंय का पूर्ण लिडार बदलायचाय, कारण दोन्हीच्या बिलात बराच फरक पडतो आणि पुष्कळदा पहिल्यावरच भागतं.